मोजणीपुरती नर्स

मेट्रनबाईंनी साडी चिमट्यानं उचलली.

ड्रेसिंगच्या खोलीत निर्जंतुक कापूस उचलायला लांब चिमटा असतो, तो. मी परकर-पोलक्यावर उभी होते. पायाशी पांढरी साडी पडली होती. पाच मिनिटांपूर्वी ती माझ्या अंगावर होती. बाईंनी नाकाला रुमाल लावला, पदराचं टोक चिमट्यात धरलं आणि साडी फिनेलच्या बादलीत सोडली. मागोमाग चिमटाही बादलीत टाकला. धोब्याला हाक मारून सांगितलं, "ही तीनदा उकळ. सिस्टरांच्या कपड्यांत घालू नकोस."

माझी निळी साडी पलीकडच्या खोलीत होती. मधे व्हरांडा, आणि व्हरांड्यात बाहेरच्या पेशंटांची रांग. मी म्हटलं, बाई, तेवढी माझी साडी कुणाला तरी आणायला सांगा. बाई हात धूत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

"इथे कोण मोकळं आहे? जा तशीच. तुमच्यात कुठे एवढं असतं."

फरशी पुसायचं फडकं तिथं पडलं होतं. ते मी अंगाभोवती घेतलं आणि व्हरांडा ओलांडला. फडक्याला काल पुसलेल्या ओकारीचा वास होता. रांगेतल्या माणसांनी आधी पाहिलं, मग नजर वळवली. भिंतीवर बाईंनी स्वतः उभं राहून लावून घेतलेलं पोस्टर होतं: एड्स स्पर्शाने पसरत नाही. त्यावर दोन हात एकमेकांत गुंतवलेले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट आहे. नवी मुंबई तेव्हा खरोखर नवी होती. रस्ते रुंद, इमारती कोऱ्या, त्यातली आमची हॉस्पिटलची इमारतही कोरी. भिंतींना रंगाचा वास यायचा. भिंती होत्या, खाटा होत्या, कपाटं होती. माणसं तेवढी नव्हती.

मी सफाई कामगार. नवरा तिथंच सफाईला होता. तो वारल्यावर त्याच्या जागेवर मला घेतलं. नववी शिकलेली, सव्वीस वर्षांची, घरात एक मुलगी आणि सासू. आम्ही बौद्ध. पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी माझं आडनाव दोनदा विचारलं आणि मग म्हणाल्या, हिला शेवटच्या खोलीला द्या.

शेवटची खोली म्हणजे सहा खाटांची, व्हरांड्याच्या टोकाची. तिच्या पुढं फक्त कपडे धुवायची जागा. 'त्या' रोगाचे पेशंट तिथं ठेवायचे. डॉक्टर राउंडला उंबरठ्यापर्यंत येत. तिथूनच विचारत, काय, बरं आहे ना, आणि उत्तर ऐकायच्या आत वळत. सिस्टर गोळ्यांचा ट्रे दाराच्या आत स्टुलावर ठेवून जायची. ज्याला चालता येई तो येऊन उचलायचा. ज्याला येत नसे त्याच्या तोंडात मी घालायची. मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी. अंग पुसणं, कुशीवर वळवणं, भांडं देणं, पाजणं, सगळं मी. आणि झाडू-पोछा होताच.

एकदा मी बाईंकडे हातमोजे मागितले. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या लोकांना घाणीची सवय असते. तुम्हाला नाही काही होत." शिव्या खूप ऐकल्यात मी. पण ही शिवी नव्हती. बाईंना ते खरंच वाटत होतं, म्हणून जास्त किळस आली.

आमच्या बाजूला नर्सच्या चार जागा होत्या. कागदावर चारही भरलेल्या. एक सिस्टर ऑफिसात बसून वर पाठवायचे तक्ते लिहायची. दिवसभर तेच काम. दुसरी सीवूड्सच्या नव्या कोऱ्या वसाहतीत, हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या फ्लॅटवर जायची. साहेबांचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं ब्लडप्रेशर बघायला. हजेरी आमच्याकडे लागायची. तिसरी नलिनी सिस्टर, ती खरी वॉर्डात असायची. लहान मुलांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड आणि आमची खोली, तिन्हीला एकटी. चौथी जागा रिकामीच होती.

म्हणून वरून पाहणीचं पथक येणार म्हटल्यावर बाईंची धावपळ उडाली. पथक माणसं मोजणार होतं. ऑफिसातली आणि फ्लॅटवरची, दोघींना त्या दिवशी वॉर्डात आणून उभं केलं. तरी तीनच. बाईंनी सगळ्या आया-झाडूवाल्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबल्या.

"ही गोरी आहे. दिसेल."

मला पांढरी साडी दिली, टोपी पिनांनी लावली, छातीला घड्याळ अडकवलं. ते बंद होतं. तोंड उघडायचं नाही, एवढंच बजावलं.

आता जे लिहिते त्याची मला लाज वाटते, पण लिहिते. मला ती साडी आवडली. आरशात पाहिलं तर मी चांगली दिसत होते. पाय आपोआप सावकाश पडायला लागले. पथकातल्या साहेबांनी बोट दाखवत मोजलं, एक, दोन, तीन, चार. चौथी मी. त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेले. तेवढ्या अर्ध्या दिवसात मला कुणी 'ए' म्हणून हाक मारली नाही.

त्याच अर्ध्या दिवसात बापू आला.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातला माथाडी. मूळचा साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. लोखंडाचे गज खांद्यावर वाहून खांद्याला घट्टा पडलेला, आणि त्या खांद्याखाली आता नुसती हाडं. दोन सोबत्यांनी रिक्षातून आणला, स्ट्रेचरवर टाकला आणि दूर जाऊन उभे राहिले. बायको इंदू तेवढी जवळ. स्ट्रेचर ढकलायला कुणी नव्हतं, म्हणून मीच ढकललं. पांढऱ्या साडीत. बापूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सिस्टर, मी जगंन का?"

मी म्हटलं, जगशील. नर्सच्या रुबाबात म्हटलं. मग तासाभरानं तो चिमटा, ती बादली, ते फडकं.

दुसऱ्या दिवशी मी निळ्या साडीत झाडू घेऊन खोलीत गेले, तर बापू म्हणाला, या सिस्टर. मी झाडायला लागले. इंदू पण तेच म्हणायला लागली, सिस्टरबाई. तिला वाटलं असेल, रोजचे कपडे वेगळे असतात. बाकीच्या पेशंटांना मी कोण ते माहीत होतं, पण त्यांनीही बापूला सांगितलं नाही. मीही नाही. दुसऱ्या कुणी मला आयुष्यात एवढा मान दिला नव्हता. मी तो फुकटात खिशात घातला.

बापूला टीबी झाला होता. उंबरठ्यावरून का होईना, डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, की मूळ रोगाला आपल्याकडं औषध नाही, पण टीबी बरा होतो. रोज एक इंजेक्शन आणि गोळ्या, चुकवायचं नाही. नीट झालं तर हा माणूस चालत घरी जाईल, काही वर्षं काढेल. इंदूनं हे ऐकलं होतं. तिला दोन लहान पोरी होत्या, गावी सासूकडं ठेवलेल्या. ती सकाळी कळंबोलीतल्या खानावळीत भाकऱ्या थापायची आणि दुपारी दीडला यायची. आली की पहिला प्रश्न ठरलेला. "सिस्टरबाई, आजचं विंजेक्शन झालं न्हवं?"

झालं असेल, असं मी म्हणायची. तक्त्यावर झालेलं असायचं.

त्या तक्त्याची गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक खाटेच्या पायाशी एक तक्ता लटकवलेला असतो. त्यात ताप, नाडी, दिलेलं औषध वेळेवर लिहायचं. नलिनी सिस्टरला तीन वॉर्डांत दिवसभर फिरून ते लिहिणं शक्यच नव्हतं. म्हणून ती सकाळी आठला एकदाच यायची आणि सगळा दिवस भरून टाकायची. दहाचा ताप, दोनची नाडी, सहाचा ताप, सगळं आठलाच. इंजेक्शनपुढं बरोबरची खूण. वाटायचं, वेळ मिळाला की देऊ. कधी मिळायचा, कधी नाही. आधी मेट्रनबाईंनीच ही रीत शिकवली होती. वरचे लोक तक्ता बघतात, पेशंट कोण बघतो?

मी बघत होते. बापूचं अंग मीच पुसायची. कमरेखाली सुईच्या खुणा दिसायच्या. दहा दिवस झाले, तक्त्यावर दहा खुणा. बापूच्या अंगावर पाच. मी दोनदा मोजल्या.

नलिनी सिस्टरला मी एकटीला गाठून सांगितलं. ती रागावली नाही. तिला सहावा महिना होता, पाय सुजलेले. भिंतीला टेकून म्हणाली, "मला माहितीय गं. मी काय करू? आणि खरं सांगू, मला त्या खोलीत यायची भीती वाटते." एवढं सांगायला हवं, की ती वाईट बाई नव्हती. तिला मेट्रनबाईंनी आणि मोठ्या साहेबांनी वाईट व्हायला भाग पाडलं होतं. पण बापूच्या अंगावर पाचच खुणा होत्या, हे तिच्या सुजलेल्या पायांनी बदलत नव्हतं.

मी मेट्रनबाईंकडं गेले. म्हटलं, बापूची निम्मी इंजेक्शनं राहिलीत. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "साडी नेसवली एक दिवस, तर डोक्यात गेली वाटतं." मग मोठ्या साहेबांचं वाक्य ऐकवलं. साहेब म्हणे मीटिंगमध्ये म्हणाले होते, त्या खोलीतली माणसं मरणारच आहेत, तिथं नर्स वाढवून काय होणार. तिथं माणूस देणं म्हणजे माणूस वाया घालवणं.

पुढच्या शुक्रवारी बापूला जुलाब लागले. शनिवारी त्याचे डोळे आत गेले. उंबरठ्यावरून हुकूम झाला, सलाईन लावा, बाटल्या थांबू देऊ नका. नलिनी सिस्टरनं हिंमत करून आत येऊन सुई लावली. हे तिच्या नावावर मांडते. शनिवारचा दिवस निघाला.

रविवारी सकाळी आठला तिनं नवीन बाटली लावली, तक्ता भरला आणि पळाली. साडेनऊला बाटली संपली. पुढच्या बाटल्या कपाटात होत्या, काचेतून दिसत होत्या, चावीही कपाटालाच होती. मी पळत मुलांच्या वॉर्डात गेले. सिस्टर म्हणाली, येते. परत आले, बापूचं भांडं काढलं, पुन्हा गेले. येते म्हटलं ना. तिसऱ्यांदा गेले तर ती रडत होती. तिच्या हातात एक तान्हं पोर होतं, ओठ निळे पडलेलं. "मी एकटी आहे गं. याला सोडून कशी येऊ?" डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, बाई जागेवर नव्हत्या, ऑफिसातली सिस्टर तक्ते सोडून उठेना. नलिनी सिस्टरनं पोर निवडलं. तिच्या जागी मी असते तर मीही पोरच निवडलं असतं. पण कुणालाच का निवडावं लागावं? सीवूड्सला त्या वेळी एक नर्स एका म्हाताऱ्याच्या उशा नीट करत बसली होती.

मी साखर-मिठाचं पाणी केलं, चमच्यानं पाजलं. त्यानं ओकून टाकलं. पुन्हा पाजलं. बाटली बदलताना मी शंभरदा पाहिलं होतं. कपाटापर्यंत गेले सुद्धा. काचेवर हात ठेवला आणि मागं घेतला. काही चुकलं असतं तर नोकरी गेली असती, नुसती नोकरीच नाही, पोलीसही आले असते. मी भ्याले. ते मी कुणावर ढकलत नाही.

शेजारच्या खाटेवरचा पेशंट ट्रक ड्रायव्हर होता. त्याचे हातपाय चालत नव्हते, पण गळा शाबूत होता. बापूची अवस्था पाहून तो डॉक्टरच्या नावानं ओरडायला लागला. आणखी दोघं ओरडले असते, तर व्हरांडा गोळा झाला असता, कुणीतरी आलं असतं. बापूनं हात वर केला. बोलायला त्याला खूप वेळ लागला.

"कशाला वरडतो? सिस्टर बसल्यात न्हवं हितंच."

ड्रायव्हर गप्प झाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी चमचा धरून बसले होते. मी त्याच वेळी उठून सांगायला हवं होतं, की बापू, मी सिस्टर नाही, ओरड. मी म्हटलं नाही. पाऊण वाजता बापू गेला.

खाटेच्या पायाशी तक्ता होता. त्याप्रमाणे बापूला इंजेक्शन दिलं होतं, दोन वाजता त्याची नाडी ठीक होती आणि संध्याकाळी सहाला ताप नव्हता.

मेट्रनबाई आल्या. दारातच थांबल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्याशी गोड बोलल्या. म्हणाल्या, "ती बाई येईल आता. तुझं ऐकते ती. सांग तिला, सगळं वेळेवर दिलं होतं, रोगच तसा. आणि तो तक्ता आण इकडं."

मला तेव्हा कळलं, मला कशासाठी वापरलं जात होतं. पाहणीवाल्यांच्या डोळ्यांत धूळ, बापूच्या डोळ्यांत धूळ, आता त्याच्या बायकोच्या. तिन्ही वेळा हात माझाच. आणि मी त्या सिस्टरपणाची गोडी चाखत बसले होते. चिमट्यानं साडी उचलताना बाईंना आली नसेल एवढी किळस मला त्या क्षणी माझी आली. मी तक्ता काढला आणि पोलक्यात खोचला. बाईंना दिला नाही.

दीड वाजता इंदू आली. हातावर पीठ तसंच. तिनं खाटेकडं पाहिलं, चादर तोंडावर ओढलेली होती. ती रडली नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "सिस्टरबाई, विंजेक्शनं समदी दिली हुती न्हवं?"

मागं दारात बाई उभ्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "निम्मीच दिली. आज सलाईनपण संपलं ते लावलं नाही. आणि मी सिस्टर नाही. मी इथली झाडूवाली आहे."

तिला कळायला वेळ लागला. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. तिनं मला नीट पाहिलं, साडी पाहिली, कोपऱ्यातला झाडू पाहिला. मग हळूच विचारलं.

"मग नर्स कुठं हाय?"

मला उत्तर माहीत होतं. एक ऑफिसात तक्ते लिहीत होती. एक सीवूड्सला होती. एक निळ्या ओठांच्या पोरापाशी. आणि चौथी मी होते.

तेच मी तिला मोठ्यानं सांगितलं. दारात उभ्या असलेल्या बाईंसमोर, पाचही पेशंटांसमोर, एकेक करून. बाई म्हणाल्या, गप्प बैस. मी बसले नाही. तक्ता काढून इंदूला दिला. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला, दोनची नाडी, सहाचा ताप. घड्याळात अजून दोन वाजले नव्हते.

मृत्यूच्या कागदावर रोगाचं नाव लिहिलं गेलं. कुणी चौकशी केली नाही. इंदूनं तक्ता नेला, त्याचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. गावाकडं तिला कुणी उभं केलं असेल की नाही, तेही नाही. बापूच्या खाटेवर चौथ्या दिवशी दुसरा माणूस आला.

काही आठवड्यांनी पाहणीचं पथक पुन्हा आलं. त्याच्या आदल्या दिवशी बाईंनी माझ्यापुढं इस्त्रीची पांढरी साडी ठेवली. झालं गेलं विसरायला त्या तयार होत्या. म्हणाल्या, नेसलीस तर तुला बायकांच्या वॉर्डात घेते, ती खोली सुटेल तुझी. मी साडीला हात लावला नाही. पथकातले साहेब बोट दाखवत आले, एक, दोन, तीन. थांबले. कागद पाहिला. कागदावर चार होत्या. बाई म्हणाल्या, चौथी रजेवर आहे.

मी झाडू भिंतीला टेकवला.

"चौथी कुणी नाहीच साहेब. मागच्या वेळी तुम्ही मला मोजलं होतं. आणि या तिघींतल्या दोघी उद्या इथं नसतील."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बाईंना विचारलं, ही मधे का बोलतेय? कागदावर काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही. चहा मात्र घेतला. पुढच्या सोमवारी माझी बदली झाली, हॉस्पिटलच्या आवारातली गटारं साफ करायला. शेवटच्या खोलीत मी जाऊ नये, असा लेखी हुकूम निघाला. तिथं माझ्या जागी कुणालाच दिलं नाही.

मी तरी जात होते. जेवणाच्या सुट्टीत. गटारातून येऊन, हातपाय घासून धुऊन. दोनदा मेमो मिळाला, घेतला. अंग पुसायची, पाणी पाजायची. ते काम मी कधीच नाकारलं नाही, नाकारणारही नाही. पण खोलीत पाऊल टाकलं की आधी प्रत्येक नव्या पेशंटला आणि त्याच्या माणसांना सांगायची, मी झाडूवाली. इथं तिन्ही वॉर्डांना मिळून एकच नर्स आहे, बाकीच्या कुठं आहेत तेही ऐका. इंजेक्शन मिळालं नाही तर ओरडा. सगळे मिळून ओरडा. मला बघून गप्प बसू नका.

लोक म्हणतात, बापू एड्सनं मेला. खोटं आहे. टीबीचं औषध होतं, सलाईन होतं, कपाट होतं, चावी होती. ते उचलून त्याच्यापर्यंत न्यायला माणूस नव्हता, आणि माणूस आहे असं दाखवायला मी होते.

आता नाही. माणसं कमी असतील तर ती कमीच दिसली पाहिजेत. रिकामी जागा मी माझ्या अंगानं झाकणार नाही.